देवडीवरून परत

काही दुखणी वैद्याला फार भितात. आठ दिवस ठणकणारी दाढ दवाखान्याची पायरी चढताच गप्प होते. घरी दगड भरडल्यासारखा आवाज करणारा मिक्सर दुकानदाराच्या टेबलावर ठेवला, की कसा सुरात बोलू लागतो. भर लकडी पुलावर हटकून बंद पडणारी स्कूटर मिस्त्रीच्या पहिल्याच किकला सुरू होते. मग तो मिस्त्री हातातले फडके खांद्यावर टाकतो, आपल्याकडे एकवार पाहतो आणि म्हणतो, "काही झालेलं नाही हिला, साहेब." बिघाडाचे दुःख माणूस सोसतो हो, पण त्या नजरेचे काय करावे? आपण खरे बोलत होतो हे सिद्ध करायला त्या घटकेला स्कूटर बंद पडायला हवी असते, आणि ती तर थेट महाबळेश्वरपर्यंत जायला एका पायावर तयार असते!

असले अधूनमधून होणारे बिघाड शोधणे हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. सर्व्हर नावाची जी यंत्रे अष्टौप्रहर जागी राहून लोकांच्या मोबाइलवर पाने पाठवीत असतात, त्यांची देखभाल मी करतो. एखादे यंत्र सरळ बंद पडले, तर आम्हा लोकांना आनंदच होतो. कारण बंद पडलेले यंत्र पळून जात नाही. दिवसभर सरळ चालणारे आणि संध्याकाळी एकाच माणसाला दार दाखवणारे यंत्र मात्र झोप उडवते. त्याच्या बिघाडाला आकडा आहे ५०२. मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत '५०२ बॅड गेटवे' एवढेच उमटते आणि खाली बारीक अक्षरांत एखादे नाव असते. आमच्या इमारतीतल्या काकूंनी ते प्रथम पाहिले तेव्हा त्या मला जिन्यात गाठून म्हणाल्या होत्या, "अरे, मुंबईचा गेटवे कशानं बिघडला आता?"

हे तीन आकडी निरोप काही कोणाच्या लहरीने ठरलेले नाहीत. आकड्यांनी उत्तरे देण्याची चाल संगणकांच्या जगात १९७० च्या दशकापासूनची आहे. वेबपुरती त्यांची यादी मे १९९६ मध्ये रीतसर नियमावलीत छापली गेली. त्यात पहिल्या आकड्याला फार महत्त्व. दोनाने सुरू झाला तर सारे ठीक. चाराने सुरू झाला तर मागणाऱ्याचे काहीतरी चुकले. सर्वांच्या परिचयाचा ४०४ त्यातलाच, नसलेले पान मागितले म्हणून मिळालेला. आणि पाचाने सुरू झाला, तर मागणाऱ्याचा काडीचाही दोष नाही, देणाऱ्याच्या घरी काहीतरी बिनसले आहे, असा अर्थ. हा कबुलीजबाब यंत्र स्वतःच्या तोंडाने देते, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

५०२ चा अर्थ समजायला जुन्या वाड्याची आठवण पुरे. वाड्याच्या दारात देवडी, देवडीवर एक माणूस. आलेल्या-गेलेल्याशी बोलणे त्याचे काम. पण कागदपत्रे, पैसा-अडका, धान्याच्या कणग्या सगळ्या आत कारभाऱ्यांच्या ताब्यात. तुम्ही चिठ्ठी देवडीवर देता, तो माणूस ती आत नेतो, उत्तर आणून तुमच्या हातात ठेवतो. तुम्ही कारभाऱ्याचे तोंडही पाहत नाही. सर्व्हरचेही तसेच आहे. देवडीवर बसणारा एक प्रोग्रॅम आणि आत हिशेब ठेवणारा दुसरा. देवडीवाला आत गेला आणि त्याला धड उत्तरच मिळाले नाही, तर तो बाहेर येऊन म्हणतो, "५०२." आतला तासन् तास उत्तर देईना, म्हणून कंटाळून परतला, तर म्हणतो, "५०४", हा आकडा जानेवारी १९९७ च्या नियमावलीत आला. दोन्ही निरोप देवडीवाल्याच्या तोंडचे असले, तरी गाऱ्हाणे आतल्याविषयीचे असते. लोक मात्र शिव्या देतात त्या देवडीवाल्यालाच!

आता काकूंविषयी. वय बहात्तर, चाळीस वर्षे शाळेत गणित शिकवलेले. काकांची मूत्रपिंडे २०२१ पासून काम करीनाशी झाली, तेव्हापासून आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिससाठी पेठेतल्या एका धर्मादाय रुग्णालयात न्यावे लागे. एका खेपेला चार तास. चार तास बाहेरच्या बाकावर बसून काकूंची सगळ्यांशी ओळख झाली. सासवडहून एस.टी.ने येणारा एक हमाल, भाजी विकणारी एक विधवा आणि तिचा पोरगा, एक निवृत्त टपालवाले. २०२२ च्या अखेरीस रुग्णालयाने डायलिसिसची वेळ मोबाइलवरून नोंदवण्याची सोय केली. सोय चांगली, पण या मंडळींपैकी कोणाकडे तसला मोबाइल नाही, कोणाला त्यावरचे वाचता येत नाही. तेव्हा काकूच सगळ्यांच्या वेळा नोंदवू लागल्या. रात्रीची जेवणे झाली, ओटा पुसला, की चष्मा लावून त्या बसत. आठवड्याला दहा-बारा नोंदी होत.

आणि कधीमधी नोंद होत नसे. सगळी माहिती भरून 'निश्चित करा' या बटणावर बोट ठेवले, की पांढरा पडदा आणि ५०२. मागे जावे, तर ती वेळ कधी दुसऱ्या कोणी घेतलेली असे. कधी काकूंना वाटे, की नोंद झाली असावी, आणि झालेली नसे. एकदा सासवडचा हमाल पहाटेची एस.टी. धरून आला आणि खिडकीतल्या मुलीने यादी पाहून सांगितले, की तुमचे नाव नाही. ज्याच्या शरीरातले पाणी यंत्राने काढावे लागते, त्याची एक खेप चुकणे म्हणजे काय, हे त्या बाकावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. पाय सुजतात, आडवे झाले की श्वास लागतो. दुसऱ्या दिवशी त्याला कसेबसे मधल्या वेळेत बसवून घेतले. त्याने काकूंना एका शब्दाने विचारले नाही. काकू म्हणाल्या, "विचारलं असतं तर बरं वाटलं असतं रे."

खिडकीतली मुलगी वाईट नव्हती. पण तिच्यासमोर हा बिघाड कधी झालाच नाही. काकूंनी तिच्या देखत तीनदा नोंद करून दाखवली, आणि तिन्ही वेळा ती मुकाट्याने झाली. "आजी, तुम्ही फार वेळ लावता. बटण पटकन दाबत जा," असा सल्ला तिने दिला. घरी नातू म्हणाला, "आजी, तू घाई करतेस. जरा थांबून दाबत जा." मोठी मौज अशी, की हे दोन्ही सल्ले अगदी बरोबर होते! ते कसे, ते पुढे येईलच.

तक्रारी वाढल्या तेव्हा विश्वस्तांनी उपाय केले नाहीत असे नाही. आधी एका सल्लागाराने सांगितले, की गर्दीचा ताण पडतो. म्हणून दुप्पट मेमरीचे नवे यंत्र आले. बिघाड होता तसाच राहिला. मग दुसऱ्याने देवडीवाल्याची थांबण्याची मुदत एक मिनिटाची पाच मिनिटे केली. ५०४ च्या रोग्याला हे औषध चालते. ५०२ च्या रोग्याला ते देणे म्हणजे पोटदुखीवर काजळ घालणे. तिसऱ्याने रोज मध्यरात्री यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याची व्यवस्था केली. हा आमच्या धंद्यातला गंगास्नानाचा प्रकार आहे. पाप कोणते ते न कळता धुऊन निघावे, अशी त्यामागची श्रद्धा. शेवटी एका दुपारी कार्यालयातली आठ माणसे आठ मोबाइल घेऊन बसली आणि अर्धा तास सगळ्यांनी भराभर नोंदी करून पाहिल्या. एकदाही ५०२ आला नाही. तेव्हा सर्वानुमते ठरले, की यंत्र निर्दोष आहे.

यंत्र निर्दोष ठरले, की दोष माणसाकडे येतो. सूचनाफलकावर कागद लागला: येत्या एक तारखेपासून एका मोबाइलवरून एकाच रुग्णाची वेळ नोंदवता येईल, दुसऱ्यांच्या वतीने नोंद करणाऱ्यांमुळे गोंधळ होत असल्याचे आढळून आले आहे. काकूंचे नाव त्यात नव्हते. पण बाकावर बसलेल्या सगळ्यांनी तो वाचला, ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना वाचून दाखवला गेला, आणि मग कोणी काकूंकडे पाहिले नाही. २०२३ च्या श्रावणातली ही गोष्ट. एक तारखेला अकरा दिवस उरले होते.

त्या रात्री काकू आमच्याकडे आल्या त्या हातात एक वही घेऊन. दुधाचा हिशेब ठेवतो तशी आखलेली शंभर पानी वही. तारीख, वेळ, कोणासाठी, काय झाले. सात महिन्यांच्या नोंदी. एकूण तीनशेसाठ, त्यांतल्या सतरांपुढे लाल शाईची फुली. प्रत्येक फुलीपुढे घड्याळाची वेळ मिनिटासकट. पहिल्या फुलीसमोर पडद्यावरची अक्षरेही देवनागरीत उतरवलेली: '५०२ बॅड गेटवे. खाली एनजिनक्स.' मी पंचवीस वर्षे लोकांच्या तक्रारी वाचतो आहे. 'चालत नाही', 'परत तसेच झाले', 'कृपया त्वरित लक्ष घालावे' या पलीकडे त्यांत काही नसते. मोठमोठ्या कंपन्यांतल्या पगारी माणसांनी अशी वही ठेवलेली मी पाहिलेली नाही. काकू म्हणाल्या, "मुलं म्हणायची, बाई, गणित केलं होतं, वही घरी राहिली. मी म्हणायची, वही दाखव. आता माझ्यावर तीच वेळ आली, म्हणून वही ठेवली."

ओळखीने चिटणिसांची परवानगी मिळाली आणि मी देवडीवाल्याचे रोजनामे उघडले. प्रत्येक सर्व्हर असा रोजनामा लिहितो. पण जुनी पाने ठरावीक दिवसांनी फाडून टाकतो. इथे चौदा दिवसांचीच पाने शिल्लक होती. म्हणजे सतरा फुल्यांपैकी पंधरांचा पुरावा काकूंच्या वहीखेरीज जगात कुठेही उरला नव्हता. राहिलेल्या दोन फुल्या होत्या रात्री ९ वाजून ४२ मिनिटांची एक आणि १० वाजून ५ मिनिटांची दुसरी. माझ्या आधी आलेल्या गृहस्थांनी त्याच वेळा रोजनाम्यात शोधल्या होत्या आणि तिथे काहीच नाही असे लेखी कळवले होते. कसे असणार? तो रोजनामा ग्रिनिचच्या घड्याळाने लिहिलेला होता! आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करायचे. ९.४२ ची नोंद संध्याकाळच्या ४.१२ ला जशीच्या तशी होती, आणि १०.०५ ची ४.३५ ला. समोर शेरा: पलीकडच्याने जोडणी तोडली, क्रमांक १०४.

चिटणिसांना मी हे दाखवले. ते म्हणाले, "म्हणजे बाई खरं सांगत होत्या?" यंत्राने स्वतः पाचाचा आकडा दाखवून हेच सात महिने सांगितले होते, पण ते असो.

चौदा दिवसांत एकूण नऊ वेळा ५०२ गेला होता. तीन गोष्टी चटकन दिसल्या. एक, नऊच्या नऊ वेळा माणूस काहीतरी भरून पाठवीत होता. नुसते पान वाचताना एकदाही नाही. दुसरी, सकाळी दहा ते एक, जेव्हा नव्या वेळा खुल्या होतात आणि खरी झुंबड उडते, तेव्हा एकही नाही. सगळे ५०२ निवांत वेळेचे. गर्दीच्या ताणाची कथा तिथेच संपली. तिसरी गोष्ट दिसायला अर्धी रात्र गेली. ज्या मोबाइलला ५०२ मिळाला, त्याने आधीचे पान केव्हा घेतले होते, ते मी नवांच्या बाबतीत शोधून काढले. मधले अंतर आठ वेळा पाच सेकंद आणि एकदा सहा. तीन नाही, दहा नाही, वीस नाही. पाच. अशा वेळी उठून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यावेसे वाटते.

आता पुन्हा वाड्यात जाऊ. देवडी आणि आतला दिवाणखाना यांत एक दार आहे. प्रत्येक चिठ्ठीगणिक ते उघडायचे, लावायचे, यात वेळ मोडतो. म्हणून एक काम झाले तरी दार जरा वेळ उघडेच ठेवतात, न जाणो लगेच दुसरी चिठ्ठी आली तर. पण किती वेळ? आतला कारभारी होता 'नोड' नावाचा प्रोग्रॅम, २००९ साली निघालेला. कोणी आले नाही तर पाच सेकंदांनी दार लावून घ्यायचे, असा त्याचा २०१७ सालापासूनचा शिरस्ता. त्यालाही कारण आहे. उघडे दार राखायला जागा लागते, आणि रिकामी दारे राखीत बसायला तो काही भालदार नव्हे. देवडीवर होता 'इंजिन-एक्स', काकूंचा एनजिनक्स. इगोर सिसोयेव्ह नावाच्या रशियन प्रोग्रॅमरने लिहून २००४ साली सर्वांसाठी खुला केलेला आणि आज जगातल्या असंख्य देवड्यांवर बसलेला. आतले रिकामे दार साठ सेकंद उघडे धरायचे, हा त्याचा २०१८ सालापासूनचा शिरस्ता. दोघेही शहाणे, दोघांचेही नियम आपापल्या जागी योग्य. फक्त एकाला दुसऱ्याचा नियम ठाऊक नाही.

एरवी त्याने काही अडत नाही. आतल्याने कडी घातली, की तिचा आवाज देवडीपर्यंत येतो. मग देवडीवाला पुढच्या वेळी नवे दार उघडून घेतो. पण इथे देवडी होती मुंबईतल्या एका भाड्याच्या यंत्रावर आणि कारभारी होता पुण्यात, रुग्णालयाच्या तळघरात. कडीचा आवाज मुंबईला पोचायला सेकंदाचा काही लहानसा अंश लागायचा, पंचविसावा-तिसावा भाग म्हणा. तेवढ्या अवधीत देवडीवाला चिठ्ठी घेऊन निघाला असेल, तर त्याचे नाक लागलेल्या दारावर आपटायचे. मागे वळून तो म्हणायचा, "५०२."

गर्दीच्या वेळी पाच सेकंद रिकामे जातच नाहीत, म्हणून दार लागत नाही. आठ माणसांनी मिळून परीक्षा घेतली तेव्हाही त्यांनीच दार उघडे ठेवले होते! नुसते पान मागितले आणि दार आपटले, तर देवडीवाला काही न बोलता दुसरे दार उघडून पुन्हा आत जातो. पान दोनदा मागितल्याने कोणाचे काही जात नाही. पण नोंद, पैसे, अर्ज अशी चिठ्ठी एकदा हातातून निघाली, की ती दुसऱ्यांदा न्यायची नाही, अशी त्याला २०१६ पासून ताकीद आहे. पहिली चिठ्ठी आत पोचली होती की नाही, हे त्याला कळत नाही. आणि दोनदा पोचली तर दोन नोंदी, दोनदा पैसे. मला स्वतःला ही ताकीद फार आवडते. शंका असेल तेव्हा परक्याच्या पैशाला दोनदा हात लावू नये, एवढी अक्कल त्या प्रोग्रॅमला कोणीतरी घातली आहे.

राहिल्या काकू. रात्रीच्या निवांत वेळी साइटवर बहुधा त्या एकट्याच असत. शेवटच्या पानावर तीन ओळी येत: नाव, दिवस नि वेळ, मशीन नंबर. तरुण माणूस त्या न वाचता बटण दाबतो, दोन सेकंद. ज्याला वाचायला त्रास होतो, त्याला दहा-पंधरा लागतात. तोवर दार कधीच लागून कडीचा आवाजही येऊन गेलेला असतो, आणि नवे दार उघडते. काकू तिन्ही ओळींवर बोट फिरवून वहीशी ताडून पाहत. त्याला बरोबर पाच सेकंद लागत. खिडकीतल्या मुलीचे ऐकून पटकन दाबले असते तरी चालले असते, नातवाचे ऐकून थांबून दाबले असते तरी चालले असते. रुग्णालयात दाखवताना ती मुलगी शेजारी उभी, म्हणून काकू घाईने दाबत. बिघाड दिसणार कसा?

असल्या बिघाडांना आमच्यात एक नाव आहे: हायझेनबग. पाहायला गेले की वागणूक बदलतो, म्हणून हायझेनबर्ग या शास्त्रज्ञाच्या नावावरून कोणीतरी ठेवलेले. जिम ग्रे नावाच्या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९८५ साली 'संगणक का थांबतात' याविषयी एक अहवाल लिहिला, त्यात हा शब्द आहे. ग्रे यांनी सांगितलेल्या एका पाहणीत प्रोग्रॅमच्या १३२ बिघाडांपैकी हटकून पुन्हा होणारा एकच निघाला. बाकीचे १३१ पुन्हा प्रयत्न करताच नाहीसे होणारे. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की यंत्रांनी मुकाट्याने पुन्हा प्रयत्न करावा. यंत्रापुरते ते खरेच आहे. मी तो अहवाल पुष्कळ वेळा वाचला आहे, आणि दर वेळी मला वाटते, की १३१ वेळा कोणीतरी खिडकीशी उभे राहून "पण मघाशी झालं होतं हो!" असे म्हणत असेल.

नुसता तर्क विश्वस्तांना दाखवून भागणार नव्हते. दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीनंतर, साइटवर कोणी नसताना, मी एक लहानसा प्रोग्रॅम लावला. तो काकूंसारखे वागे: शेवटचे पान घेई, थांबे, मग खोट्या नावाची नोंद पाठवी. थांबण्याचा काळ पाच सेकंदांच्या किंचित अलीकडे-पलीकडे. दोनशे प्रयत्नांत एकोणचाळीस वेळा ५०२. मग तीन सेकंद थांबून दोनशे, आठ सेकंद थांबून दोनशे, एकदाही नाही. हे सगळे व्हायला तासाभराच्या आसपास लागले. इतके दिवस जो बिघाड कोणाला सापडत नव्हता, तो आता बोलावल्याबरोबर येत होता.

उपाय एका ओळीचा. आतल्या कारभाऱ्याने देवडीवाल्यापेक्षा अधिक वेळ दार उघडे ठेवायचे. पाचाच्या जागी पासष्ट सेकंद लिहिले. दार लावण्याची पाळी आता नेहमी देवडीवाल्यावरच येणार. आणि स्वतः लावलेल्या दारावर कोणी नाक आपटून घेत नाही. पुन्हा दोनशे प्रयत्न, मग आणखी दोनशे. एकही ५०२ नाही. जाता जाता रोजनामा नव्वद दिवस राखण्याची सोय केली आणि त्यात आपली वेळ लिहायला लावली. विश्वस्तांपैकी एकांनी विचारले, "एका ओळीचं काम होतं, तर इतके महिने का लागले?" या प्रश्नाला आमच्या धंद्यात उत्तर नाही. दुप्पट मेमरीच्या यंत्राचे बिल त्यांच्याच टेबलावर होते, एवढे मात्र मी पाहिले.

सूचनाफलकावरचा कागद एक तारखेच्या आदल्या संध्याकाळी निघाला. त्याच्या जागी दुसरा काही लागला नाही. काकूंना कोणी बोलावून काही सांगितले असेही नाही. खिडकीतली मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी बाहेर येऊन बाकावर त्यांच्याशेजारी बसली आणि वहीत नोंदी कशा करतात ते पाहून गेली. सासवडच्या हमालाला काकूंनी स्वतःच सगळे समजावून सांगितले, वाड्याच्या दाराचा दृष्टान्त देऊन. त्याने मन लावून ऐकले आणि म्हणाला, "मला ठाऊक होतं ते." काय ठाऊक होते, ते त्याने सांगितले नाही.

मी काकूंना म्हटले, "तुम्ही त्या पानावर बरोबर पाच सेकंद थांबता, हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

"तीन ओळी आहेत," काकू म्हणाल्या. "वाचायला नकोत? सोमवारचा मंगळवार झाला तर तो माणूस सासवडहून उगीच येईल."

ती वही मी मागितली, आमच्या कार्यालयातल्या पोरांना दाखवायला. काकूंनी दिली नाही. मागल्या पानांवर इस्त्रीवाल्याचा हिशेब होता, हे एक कारण. आणि दुसरे, ती अजून चालू होती. त्यांनी शेवटून चौथे पान उघडून माझ्यासमोर धरले. रुग्णालयाची लिफ्ट कधी कधी दुसऱ्या मजल्यावर न थांबताच वर जाते. लिफ्टमन म्हणतो, तुम्ही बटण नीट दाबत नाही. तारीख, वेळ, लिफ्टमध्ये माणसे किती. सहा लाल फुल्या झाल्या होत्या. लिफ्टमधले मला काही कळत नाही, असे मी काकूंना स्पष्ट सांगितले. आणि मग खिशातून पेन काढून त्या सहा वेळा उतरवून घेतल्या.